मानधन आणि वेतन : शाळेचा सेवकवर्ग व कायदा

१. प्रश्नाचे स्वरूप



जून महिन्यात शाळा उघडली की मुलांच्या हजेरीपटाबरोबर आणखी एक पट मुख्याध्यापकाच्या टेबलावर येतो. तो पोषण आहार शिजविणाऱ्या बायांचा. आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांत शिपायाचे पद नाही, लेखनिकाचे नाही. तेव्हा खेड्यातील शाळेचा सेवकवर्ग म्हणजे प्रत्यक्षात ह्या एकदोन बायाच होत. शासनाच्या कागदपत्रांत त्यांना 'स्वयंपाकी तथा मदतनीस' असे म्हणतात. मुले त्यांना मावशी म्हणतात.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या शाळेत शाळा उघडण्याच्या दिवशी अशीच एक मावशी पटावर सही करता करता म्हणाली, "गुरुजी, शाळेला सुट्टी लागते, पोटाला लागत न्हाई." मे महिन्याचे मानधन तिला मिळालेले नव्हते, कारण योजनेप्रमाणे ते मिळायचेच नव्हते. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तिने केवळ वस्तुस्थिती सांगितली होती. तरीही त्या एका वाक्याला द्यावयास माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते उत्तर शोधताना जे वाचले व जे समजले, ते अभ्यासपाठाच्या रूपाने येथे मांडीत आहे. शाळेतील सेवकांचा मोबदला दयेने अथवा एखाद्या आदेशाने वाढू शकतो. पण तो हक्क म्हणून टिकावयाचा तर त्यास कायद्याचा आधार लागतो, हे या पाठाचे सूत्र आहे.

२. काम आणि मोबदला

प्रथम कामाकडे पाहू. केंद्राच्या निकषाप्रमाणे पंचवीस विद्यार्थ्यांपर्यंत एक, सव्वीस ते शंभर विद्यार्थ्यांस दोन आणि पुढे प्रत्येक शंभरामागे आणखी एक स्वयंपाकी तथा मदतनीस असावा. धान्य निवडणे, पाणी भरणे, तांदूळ धुणे, चूल वा गॅस पेटविणे, आमटी व भात शिजविणे, मुलांना वाढणे, भांडी घासणे, जागा झाडून पुसून घेणे ही सर्व कामे तिच्याकडे असतात. साठ मुलांच्या भाताचे पातेले चुलीवरून उतरविणे म्हणजे काय, हे ज्याने हात लावून पाहिले आहे त्यास ते काम हलके वाटणार नाही.

आता मोबदल्याकडे पाहू. शाळेत आहार देण्याची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी अनेक राज्यांत दरमहा प्रत्येक मुलास तीन किलो धान्य घरी दिले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि शाळेत चूल आली. चूल आली तेव्हा चुलीपाशी बसणारी व्यक्तीही आली. परंतु तिच्या मोबदल्याचा स्वतंत्र विचार पुष्कळ उशिरा झाला. १ डिसेंबर २००९ पासून केंद्राने दरमहा १,००० रुपये आणि तेही वर्षातील दहा महिने, असे मानधन ठरविले. या खर्चाचा वाटा पुढे बहुतेक राज्यांत केंद्र ६० व राज्य ४० असा झाला. पंधरा वर्षे उलटल्यावरही केंद्राच्या हिशेबातील आकडा तोच होता.

येथे साधा हिशेब करावा. दहा महिन्यांचे दहा हजार रुपये. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे इयत्ता पहिली ते पाचवीच्या शाळेचे किमान कामाचे दिवस २००. म्हणजे एका दिवसाचे ५० रुपये पडतात. राज्याराज्यांनी यात आपापली भर घातली. आपल्या राज्यातही ती वेळोवेळी पडली, आणि ज्यांनी ती घातली त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि ती भर शासन निर्णयाने पडली. जे शासन निर्णयाने येते ते शासन निर्णयाने थांबूही शकते, आणि तरतूद संपली की महिनोन् महिने लांबूही शकते.

यातील एक विसंगती शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ याने शाळेतील दुपारचे भोजन हा बालकाचा कायदेशीर हक्क केला. २०१५ च्या नियमांप्रमाणे एखाद्या दिवशी अन्न शिजले नाही तर मुलास अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो. ताटातील भाताला अशा रीतीने कायद्याचे संरक्षण मिळाले. तो भात शिजविणाऱ्या हातांचा मोबदला मात्र योजनेच्या कागदावरच राहिला.

३. दोन शब्दांतील भेद

'मानधन' हा शब्द मूळचा सुंदर आहे. विद्वानास, कलावंतास त्याच्या सेवेचा मान राखून जे धन द्यावयाचे ते मानधन. ज्याचा उदरनिर्वाह अन्य मार्गाने चालतो त्याने स्वेच्छेने दिलेल्या सेवेचा तो गौरव असतो. 'वेतन' हा शब्द निराळा आहे. नेमून दिलेले काम, नेमून दिलेली वेळ, वर देखरेख करणारा अधिकारी, आणि त्याबद्दल ठरलेला मोबदला, असा संबंध असला म्हणजे त्या मोबदल्यास वेतन म्हणावयाचे.

आता आपणच ठरवावे. जिची वेळ ठरलेली आहे, जिची हजेरी आपण घेतो, जिने शिजविलेल्या अन्नाची चव घेऊन आपण नोंदवहीत सही करतो, जिला न सांगता गैरहजर राहता येत नाही, तिला मिळते ते मानधन की वेतन? नाव मानधनाचे असले तरी संबंध वेतनाचा आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने नावाचा परिणाम मोठा होतो. वेतन म्हटले की त्याचा किमान दर, ते देण्याची मुदत आणि दाद मागण्याची जागा हे सारे मागोमाग येते. मानधन म्हटले की ते देणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

२००० साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेत ज्यांनी पहिली तीन वर्षे मानधनावर काढली, त्या शिक्षकांना हा भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. काम तेच, वर्ग तोच, मुले तीच. आणि महिनाअखेरीस हाती येणारी रक्कम मात्र शेजारच्या वर्गावरील गुरुजींच्या वेतनाच्या अंशाइतकी. आपल्यासाठी ती तीन वर्षे संपली. चुलीपाशी बसणाऱ्या बाईची तशी वर्षे संपतच नाहीत.

४. किमान वेतनाचा कायदा

किमान वेतनाची कल्पना आपल्या देशात कायद्याच्या रूपाने कशी आली, हे आता पाहू. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळीत असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ साली मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर ते किमान वेतन अधिनियम, १९४८ या रूपाने संमत झाले. ज्या धंद्यांत मजूर असंघटित आहे आणि मालकाशी घासाघीस करण्याची शक्ती त्याच्या अंगी नाही, तेथे शासनाने दर ठरवून द्यावा, हे या कायद्याचे तत्त्व होते.

त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली ही की ठरविलेल्या दरांचा पाच वर्षांच्या आत फेरविचार करणे आवश्यक होते. दुसरी ही की मजुराने स्वतः लेखी मान्य केले, तरी किमान वेतनाहून कमी घेण्याचा करार व्यर्थ ठरे. "तिने स्वखुशीने काम पत्करले" हे उत्तर कायद्यापुढे चालत नसे. परंतु एक मर्यादाही होती. हा कायदा केवळ अनुसूचीत नोंदलेल्या रोजगारांना लागू होई; ज्या कामाचे नाव अनुसूचीत नाही, त्यास या कायद्याचे दार बंद असे.

किमान वेतन मोजावे कसे, याचे निकष १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने सांगितले. एका मिळवत्या माणसामागे तीन खाणाऱ्यांचा हिशेब धरावा, प्रत्येकास पुरेसे पोषण मिळेल एवढे अन्न, माणशी वर्षास १८ वार, म्हणजे चौघांच्या कुटुंबास ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्च मिळून एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घालावयास सांगितले. मुलांचे शिक्षण हा आईबापांच्या किमान वेतनाचाच भाग आहे, हे तत्त्व आपण शिक्षकांनी तरी विसरू नये.

५. न्यायालयांचे निर्णय

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये सर्व कामगारांना निर्वाह वेतन मिळावे म्हणून राज्याने झटावे, असे म्हटले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व होय; त्याची अंमलबजावणी न्यायालयात मागता येत नाही. अनुच्छेद २३ मात्र मूलभूत हक्कांत आहे आणि तो वेठबिगारीस मनाई करतो.

१९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही वेठच होय. मनुष्यावर शस्त्राचा धाक असतो तसा भुकेचाही धाक असतो, आणि दुसरा मार्ग नसल्यामुळे पत्करलेले काम हे स्वेच्छेचे काम नव्हे. १९८३ साली राजस्थानातील दुष्काळी कामांच्या प्रकरणी न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. शासनाने मदत म्हणून काढलेल्या कामावरही किमान वेतनाहून कमी देता येत नाही, असा त्याचा आशय होता.

हेच सूत्र १५ डिसेंबर २०२० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने शाळेच्या स्वयंपाकघराला लावले. उत्तर प्रदेशातील एका प्राथमिक शाळेत २००५ सालापासून स्वयंपाक करणाऱ्या बाईस कामावरून कमी करण्यात आले, कारण तिचे मूल त्या शाळेत शिकत नव्हते. ती दाद मागावयास गेली तेव्हा न्यायालयाने तिच्या मोबदल्याचाही प्रश्न हाती घेतला. दरमहा १,००० रुपयांवर काम करून घेणे हा अनुच्छेद २३ चा भंग आहे असे न्यायालयाने ठरविले व किमान वेतन देण्याचे निर्देश दिले.

अशा निर्णयांचे मोल मोठे आहे. परंतु प्रत्येक गावच्या प्रत्येक बाईने उच्च न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा कोणी करणार नाही. न्यायालय तत्त्व सांगते. ते तत्त्व गावोगावच्या पटावर उतरविण्यासाठी विधिमंडळाचा कायदा आणि अर्थसंकल्पातील तरतूद लागते.

६. कायद्याने काय घडते

यासाठी आपल्याच राज्यातील उदाहरण घेऊ. एके काळी खाजगी शाळांतील शिपाई व लेखनिक यांचे पगार आणि नोकरी बहुतांशी संस्थाचालकांच्या हाती असे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याने 'कर्मचारी' या शब्दात शिक्षकांबरोबर शिक्षकेतर वर्गाचाही समावेश केला. त्यानुसार १९८१ साली नियम झाले आणि घंटा देणाऱ्या शिपायासही वेतनश्रेणी, रजा, आणि चौकशीवाचून कामावरून न काढले जाण्याची हमी मिळाली. कायद्याच्या व्याख्येत एक शब्द आल्याने केवढा पालट होतो, याचे हे उदाहरण होय.

त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित खाजगी शाळांतील शिपायांसारखी चतुर्थ श्रेणीची पदे रिक्त होत जातील तसतशी त्यांच्या जागी शाळेस ठोक भत्ता देण्याचे ठरले. कायद्याने नोकरीतील माणसाचे संरक्षण केले होते. पद शिल्लक राहील अशी हमी त्यात नव्हती. वेतनाची जागा भत्त्याने घेतली की आपण पुन्हा जेथून निघालो तेथेच येतो.

असाच अनुभव परदेशातही आलेला आहे. इंग्लंडमध्ये शिक्षकांच्या वेतनाचा विचार करणारे कायदेशीर मंडळ १९९१ पासून आहे. वर्गातील मदतनीस, स्वयंपाकी, राखणदार, लेखनिक यांच्यासाठी मात्र तसे मंडळ नव्हते. २००९ च्या कायद्याने शालेय सहायक कर्मचाऱ्यांसाठी वाटाघाटीचे मंडळ निर्माण केले. सरकार बदलले आणि २०११ च्या शिक्षण कायद्याने ते मंडळ आपले काम पुरे करण्यापूर्वीच रद्द झाले. पुढे २०२५ च्या रोजगारहक्क कायद्यात त्याची पुन्हा तरतूद करण्यात आली. कायदा झाला म्हणजे काम संपले असे नाही, हा यातून घेण्याचा धडा. त्याची राखण करणारे लोकमतही तयार असावे लागते, आणि लोकमत तयार करण्याच्या जागांत शाळेची गणना आहे.

७. नवी वेतन संहिता

१९४८ चा कायदा आता राहिलेला नाही. त्याची जागा वेतन संहिता, २०१९ याने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. या संहितेने अनुसूचीची अट काढून टाकली. आता किमान वेतनाचा हक्क कोणत्याही ठरावीक धंद्यापुरता मर्यादित नाही. केंद्राने तळाचा दर ठरवावा आणि राज्याने त्याखाली जाऊ नये, अशी योजना तीत आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत मिळावे, असेही तीत म्हटले आहे.

तथापि योजनेवर मानधनाने काम करणाऱ्यांचा संहितेत नावाने उल्लेख नाही. २०१३ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंचेचाळिसाव्या अधिवेशनाने आहार, अंगणवाडी, आरोग्य इत्यादी योजनांवरील सेवकांना कामगार म्हणून मान्यता द्यावी व किमान वेतन लावावे, अशी शिफारस केली होती. ती शिफारस कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट शब्दांनी उतरली, तरच शाळेतील मावशीचे नाव 'कर्मचारी' या शब्दाखाली निःसंदिग्धपणे येईल. आज उणीव आहे ती त्या शब्दांची.

८. नेहमीचे आक्षेप

पहिला आक्षेप असा की हे काम दोनतीन तासांचे आहे. तसे असल्यास तासांप्रमाणे द्यावे. किमान वेतनाचा दर तासाचा, दिवसाचा वा महिन्याचा ठरविता येतो. जुन्या कायद्यातही ते होते, नव्या संहितेतही आहे. काम थोडे असणे हे थोडे वेतन देण्याचे कारण होईल, वेतनच नाकारण्याचे होणार नाही. शिवाय ते तास दिवसाच्या ऐन मध्यावर पडतात, त्यामुळे त्या दिवशी शेतावरची मजुरी बुडते, हेही लक्षात घ्यावे.

दुसरा आक्षेप असा की हे सेवेचे काम आहे, बायका घरीही स्वयंपाक करतातच. घरचा स्वयंपाक बिनमोलाचा म्हणून शाळेचाही स्वस्त, या समजुतीचे मूळ स्त्रीच्या श्रमास श्रम न मानण्यात आहे. आपणही सेवाच करतो. म्हणून आपण वेतन नाकारलेले नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. तो खरा आहे आणि हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जिल्हा परिषदेच्या अल्प उत्पन्नातून हा भार पेलणार नाही. तो केंद्राने व राज्याने वाटून घेतला पाहिजे, आणि म्हणूनच तो कायद्याने बांधून दिलेला असावा. तमिळनाडूने १९८२ साली आपली पौष्टिक आहार योजना विस्तारली आणि पुढे तिच्यातील सेवकांना विशेष वेतनश्रेणी लावली. इच्छा असली तर मार्ग निघतो, एवढे त्यावरून दिसते.

९. आपले कर्तव्य

कायदा करणे शिक्षकाच्या हाती नाही, आणि सेवानियमांची मर्यादा आपणांस पाळावी लागते. तरीही आपल्या हाती पुढील गोष्टी आहेत.

(अ) हजेरीपट रोजच्या रोज व खरा भरावा. येण्याची व जाण्याची वेळ लिहावी. उद्या हक्काचा प्रश्न आला तर हाच कागद पुरावा ठरेल.

(आ) मानधन किती महिन्यांचे थकले आहे, याचा तपशील दर महिन्यास लेखी स्वरूपात केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. तोंडी सांगितलेले विरून जाते.

(इ) शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय वर्षातून एकदा तरी कार्यवृत्तात यावा.

(ई) नेमून दिलेल्या कामाखेरीज इतर कामे, विशेषतः शिक्षकांची खाजगी कामे, तिला सांगू नयेत.

(उ) शासनाने ठरविलेली रक्कम किती, ती कोणत्या महिन्यांची, कोणत्या खात्यात जमा होते, हे तिला वाचून दाखवावे. ज्याला आपला हक्क वाचता येत नाही त्यास तो वाचून दाखविणे हे शिक्षकाचेच काम आहे.

आरंभी ज्या मावशीचा उल्लेख केला, तिच्या वाक्याचे उत्तर अद्याप माझ्यापाशी पूर्ण नाही. पण त्या जूनपासून तिच्या पटावर वेळेचा रकाना आम्ही आखला आहे. ती त्यात आल्यागेल्याची वेळ स्वतः लिहिते. प्रारंभी अंक वाकडे येत. आता नीट येतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील स्वयंपाकी तथा मदतनीस यांचे रोजचे प्रत्यक्ष कामाचे तास किती भरतात? आठवडाभर नोंद करून सांगा.

२. मानधन, भत्ता व वेतन या तीन शब्दांतील भेद आपल्या परिसरातील उदाहरणांनी स्पष्ट करा.

३. शासन निर्णय व अधिनियम यांनी दिलेल्या लाभात टिकाऊपणाच्या दृष्टीने कोणता फरक आहे?

४. १९५७ चे निकष घेऊन आपल्या गावातील चौघांच्या कुटुंबाचा एका महिन्याचा खर्च मांडा व त्याची मानधनाशी तुलना करा.

५. बालकाचा आहाराचा हक्क कायद्याने मान्य झाला. तो पोहोचविणाऱ्याचा वेतनाचा हक्क तसा स्पष्ट झाला नाही. याची कारणे कोणती असावीत, याविषयी केंद्रसभेत चर्चा करा.